कोऱ्या कपाळाची वासरं

नव्या वासराचा रंग कोणता, असं विचारलं की कुप्पुमामा उत्तर देत नसत. "आठ महिन्यांनीं ये," एवढंच म्हणत. नवखे अधिकारी चिडायचे. समोर विटेच्या रंगाचं वासरू धडपडत उभं राहतंय आणि हा अटेंडर रंग सांगायला आठ महिने मागतो! पण मामांचं बरोबर होतं. आमच्या कावेरीच्या खालच्या अंगाला उंबळाच्चेरी नावाची गाईची जात आहे. चिखलात गुडघाभर रुतून नांगर ओढणारी, बुटकी, काटक. तिची वासरं तांबडी जन्मतात आणि पुढे जन्मीचे केस झडून राखाडी होतात. हे ठाऊक नसलेला माणूस राखाडी गाईला तांबडं वासरू लुचताना पाहून हटकून विचारायचा, "याची आई कुठे?"

"बाजारांत गेलीय, भाजी आणायला," मामा गंभीरपणे सांगत.

रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. "रंग अंगावर येतो नि जातो. कपाळ तेवढें जात नाही," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. कपाळ म्हणजे कपाळावरचा पांढरा ठिपका. तमिळमध्ये त्याला चुट्टी म्हणतात. नवरीच्या भांगातून कपाळावर उतरतो तो दागिना, त्यावरून. चुट्टी आणि पायांत पांढरे मोजे असलेलं जनावर म्हणजे अस्सल, अशी आमच्याकडच्या शेतकऱ्याची खात्री. सरकारी खात्याचीही तीच.

मी त्या खात्यात पशुवैद्य होतो. तंजावूरहून ओरत्तनाडूकडे जाणाऱ्या रस्त्याला फुटलेल्या एका फाट्यावर आमचं गोपैदास केंद्र होतं. आता ते नाही. जमीन दुसऱ्या कुणाकडे गेली. कुप्पुराव तिथले सगळ्यांत जुने अटेंडर. तमिळ माणसं त्यांना 'रावजी' म्हणत. मी चारचौघांत रावजी म्हणे आणि दोघंच असलो की मामा. तेही लोकांसमोर मला डॉक्टर म्हणत, एरवी तंबी, धाकट्या भावाला म्हणतात तसं. आम्ही दोघं मराठी बोलणाऱ्या घरांतले. तीनशे वर्षांपूर्वी राजांबरोबर आलेली आमची घराणी. त्यांचे पूर्वज पागेत होते म्हणत, माझे दप्तरात. गोठ्याच्या आडोशाला आम्ही मराठीत बोलायचो. कुणी आलं की मी लगेच तमिळवर यायचो. मामांच्या ते लक्षात येई. "डॉक्टर तमिळ झाले," असं ते वासराला सांगत.

खांद्यावर मळकं तुंडु, म्हणजे आमच्याकडचा टॉवेल, आणि उजव्या हाताचा अंगठा मोठा, चपटा. त्या अंगठ्याने ते चुट्टी मोजत. "अर्धा अंगठा," "पाऊण अंगठा," "डावीकडे सांडलेली." कानातले नंबर त्यांना पाठ होते, पण ते जनावरांना नंबरने हाक मारत नसत. एका माजोरड्या गाईचं नाव त्यांनी 'कलेक्टर' ठेवलं होतं, कारण ती दाव्यावर येऊन उभी राही आणि दुसऱ्याने सगळं करावं अशी वाट पाही. खरे कलेक्टर पाहणीला आले त्या दिवशी दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी ओरडलं, "रावजी, कलेक्टरने शेण टाकलंय!" मामा हलले नाहीत. "मग टोपलें घेऊन सायबांच्या गाडीमागें उभे राहा," एवढंच पुटपुटले.

त्यांची नजर कशी होती ते सांगतो. केंद्रासाठी वळू घ्यायला आम्ही एकदा बाजारात गेलो होतो. एका दलालाने देखणा, तरणा वळू पुढे आणला. कपाळावर अशी चुट्टी, की जणू सोनाराने बेतून बसवली. मी कागद काढायला लागलो. मामांनी तुंडुचं टोक पाण्यात भिजवलं, चुट्टी पुसली. रंग निघाला नाही. दलाल हसला. "रावजी, चुना लावतो वाटलं काय?" मामांनी मग दोन बोटांनी तिथले केस फाकले आणि मला बोलावलं. "खालीं बघ." खाली कातडी काळीभोर होती. खऱ्या चुट्टीखाली कातडी गुलाबी असते. केस कुठल्याशा औषधाने पांढरे केले होते. दलालाचा चेहरा पाहून मामा त्याला म्हणाले, "केंस तुझे, कातडें देवाचें. दोघांची गांठ घालून आण, मग घेऊं."

शिक्षण पाचवीपर्यंत. तरीही चुट्टी आईबापांकडून कशी उतरते याचा हिशोब त्यांनी स्वतः लावलेला होता. आम्हाला पुस्तकातून शिकवतात तोच; त्यांनी तो गोठ्यात उभं राहून शोधला होता. मी तेव्हा डॉक्टरेटसाठी विषय शोधत होतो, आणि पांढऱ्या खुणांचा वारसा हा विषय मला त्यांच्याच बोलण्यातून सुचला. हे मी प्रबंधात कुठेही लिहिलेलं नाही.

एके दुपारी त्यांनी मला वैरणीच्या खोलीत बसवून चिंचोके दाखवले. आमच्याकडे चिंचोका दगडावर एका बाजूने घासून पांढरा करतात आणि फाशासारखा खेळतात. त्यांनी असे दोन चिंचोके हातात घेतले.

"हा वळू, ही गाय. दोघांना चुट्टी आहे. आंत काय आहे तें दिसत नाही. आतां टाक."

मी टाकले. एक पांढरा, एक काळा.

"एक जरी पांढरा पडला तरी वासराला चुट्टी. टाक."

दोन्ही पांढरे. मग पुन्हा एक-एक. मग दोन्ही काळे.

"हें बघ. दोघां चुट्टीवाल्यांना चुट्टी नसलेलें वासरूं. कुणाचा परका वळू आला नाही, कुणी फाटक सोडलें नाही. घरांतलेंच आहे, घरांतून आलें." ते चिंचोके गोळा करू लागले. "चारांत एक. मी मोजलेंय."

"कुठे मोजलंत?"

"वहींत."

हे त्यांना इतकं का लागत होतं, तेही सांगायला हवं. चुट्टी नसलेलं वासरू झालं, की खात्यात एकच अर्थ निघे: बाहेरचा भटका वळू आत शिरला, म्हणजे रात्रपाळीच्या अटेंडरने फाटक उघडं टाकलं. अशी वासरं कागदावर 'नापसंत' लिहून वर्षाच्या आत लिलावात काढत, म्हणजे कुणाला विचारायला नको. बाकीचे अटेंडरही त्यावर बोलत नसत. बोललं तर आपल्याच पाळीचं निघायचं. मामांना ते सहन होत नव्हतं. "माझ्या गाईला छिनाल म्हणतात आणि मला तिचा दलाल," असं ते एकदा म्हणाले. त्या वह्या त्यासाठी होत्या. तेवीस वर्षांच्या, लांबट, सुतळीने शिवलेल्या. प्रत्येक वासराची आई, बाप, आणि कपाळ. त्या सगळ्या त्यांनी प्रबंधासाठी माझ्या हवाली केल्या.

वह्या मराठीत होत्या, पण अक्षरं तमिळ. आमच्याकडे बहुतेक घरांत तसंच चालतं. देवनागरी कुणाला येते? मलाही येत नव्हती. किराणाची यादी, भावाला पत्र, सगळं मराठी, तमिळ अक्षरांत. "मराठीत का लिहिलंत, मामा?" म्हणून विचारलं तर म्हणाले, "गाईंच्या घरची गोष्ट. परक्याला कशाला?"

इथे महाराष्ट्रातल्या वाचकाला एक सांगितलं पाहिजे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारींना एकच अक्षर. 'काय' आणि 'गाय' सारखंच लिहायचं. घरातला माणूस अडखळत नाही, संदर्भाने वाचतो.

वह्यांत कपाळापुढे दोनच शब्द आलटून पालटून येत. एक 'चांद'. तो मला कळला: चुट्टी. दुसरा शब्द मी वाचला 'गोरा'. गोरा म्हणजे मोठी पांढरी चुट्टी, अख्खं तोंड उजळ, असा अर्थ मी लावला. काही नोंदींपुढे काहीच नव्हतं. ती बिनचुट्टीची असणार, असं मी धरलं होतं. पण तपासलं तेव्हा ती सगळी मेलेली जन्मलेली निघाली. म्हणून ती सोडून दिली. उरली ती सगळी चांद नाहीतर गोरा. लिलावात गेलेली 'नापसंत' वासरं बाहेरच्या वळूची, म्हणून मामांनी वहीत घेतलीच नसतील, अशी मी समजूत करून घेतली. म्हणजे तेवीस वर्षांत चुट्टीवाल्या आईबापांना चुट्टी नसलेलं एकही जिवंत वासरू नाही.

मामा म्हणत होते त्याच्या बरोब्बर उलट. मला धक्का बसायला हवा होता. मला आनंद झाला. अटेंडर मंडळींची एक समजूत मी त्यांच्याच नोंदींनी खोटी पाडली होती. प्रबंधाला त्याहून छान प्रकरण कुठून मिळणार?

मामा दोनदा म्हणाले, "तंबी, बसून वाचूं या कीं. माझें अक्षर कोंबडीचें आहे." मी दोन्ही वेळा वेळ नाही म्हणालो. वेळ होता. गोठ्याच्या पायरीवर अटेंडरच्या शेजारी बसून मराठी वही वाचताना कुणी पाहिलं तर, एवढंच होतं.

त्याच सुमाराला नवे संचालक आले. कडक, प्रामाणिक, शुद्ध जातीचं वेड असलेले. ते आले त्या हंगामात चार वासरं बिनचुट्टीची झाली, आणि चारही मामांच्या पाळीच्या गोठ्यातल्या गाईंची. या वेळी गुपचूप लिलाव झाला नाही, चौकशी बसली. मामा मात्र खूश होते. "बरें झालें. आतां वह्या काढ," मला म्हणाले. "कोणी तरी विचारलें शेवटीं."

मी वह्या काढल्या नाहीत. त्यावरून केलेला इंग्रजी तक्ता काढला. सकाळची वेळ, ऑफिसात तीन अधिकारी, मी खुर्चीवर, मामा उभे. नुकतीच धुतलेली वेष्टी, आमचं धोतर, तुंडु खांद्यावरून काढून काखेत धरलेलं.

संचालकांनी तक्ता पाहिला. तमिळमध्ये शांतपणे विचारलं, "रावजी, या नोंदी तुमच्याच ना?"

"माझ्याच, सर. तेवीस वर्षांच्या."

"खोटं काही लिहिलंय?"

"वासरानें सांगितलें तें लिहिलें, सर."

"मग तुमच्याच नोंदींप्रमाणे अशा जोड्यांना असं वासरू आजवर एकदाही झालेलं नाही. या वर्षी एकदम चार?"

मामांना आधी कळलंच नाही. ते हसले, बहिऱ्या माणसाने हसावं तसे. "झालींत, सर. पुष्कळ झालींत. लिहिलेंय."

संचालकांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "एकही नाही, सर."

तेव्हा मामा माझ्याकडे वळले आणि त्या ऑफिसात, सगळ्यांसमोर, मराठीत बोलले. "तंबी, नीट पाहिलास कीं?"

मी तमिळमध्ये उत्तर दिलं. "पाहिलं, रावजी."

त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. सामान ठेवल्या जागी सापडत नाही म्हणून माणूस जसा फडताळाकडे बघत राहतो, तसे ते त्या कागदाकडे बघत होते. मग म्हणाले, "डॉक्टर शिकलेले आहेत. ते पाहिलें म्हणतात, तर तसेंच असेल. म्हातारपणीं मलाच भलतें दिसत असेल, सर. फाटक मींच उघडें सोडलें असेन."

हे वाक्य कबुलीजबाब म्हणून टाइप झालं. त्यांनी सही केली, तमिळमध्ये. त्यांची वेतनवाढ थांबली, पण ती त्यांना लागली नाही. गुरांवरून काढून त्यांना वैरणीच्या गोदामात बसवलं, ते लागलं. चार गाई वासरांसकट लिलावात गेल्या. फार्मवर नवा आलेला कुणीही विचारी, "फाटक सोडणारे रावजी ते हेच का?"

प्रबंध सादर झाला. तोंडी परीक्षेला महिना असताना वडिलांचं वर्षश्राद्ध आलं. आईने सामानाची यादी लिहून दिली, आमच्या नेहमीच्या पद्धतीने. मी स्वयंपाकघरात उभा राहून ती मोठ्याने वाचत होतो. तीळ, दर्भ, केळीची पानं.

"गोरी वेष्टी, दोन. म्हणजे पांढरीच ना, अम्मा?"

आई हातातलं टाकून हसायला लागली. "गोरी न्हवे रे, कोरी! पाण्यांत न घातलेली. वेष्टी काय दाखवायला बसवायची आहे, गोरी न् काळी बघायला?"

बायकोही हसली. मी यादी घेऊन बाहेर गेलो, दुकानात नाही, माझ्या टेबलाकडे. वह्या माझ्याकडेच होत्या. पहिल्याच पानावर, चांद, चांद, आणि मग तो शब्द. कोरा. काही न काढलेलं कपाळ. कोरा. मी पानामागून पान उलटलं. मग मोजदाद केली. चारांत एक. जवळजवळ नेमकं चारांत एक.

मला काय करायला हवं होतं हे त्या क्षणी स्वच्छ दिसत होतं. मी कोऱ्या वेष्ट्या दोन घेऊन आलो, श्राद्ध केलं, महिन्याने परीक्षेला बसलो. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी त्या प्रकरणाचं विशेष कौतुक केलं. मी आभार मानले. घाबरलो होतो म्हणालो तर थोडं खरं होईल. पण मी आधी स्वतःला सांगितलं की पदवी हातात पडली की बोलू. मग बढती झाली की बोलू. मग मामा निवृत्त होतच आहेत, आता त्यांना कशाला त्रास, असंही सांगितलं.

निवृत्तीच्या आधी ते एकदा माझ्या खोलीच्या दाराशी आले. आत आले नाहीत.

"वह्या देतोस कीं, तंबी? घरीं बसून एकदां बघेन म्हणतों. कुठें चुकलों तें."

"घरी आहेत, मामा. आणतो."

तीनदा मागितल्या. तीनदा आणतो म्हणालो. नंतर त्यांनी मागणं सोडलं. वैरणीच्या गोदामात ते नीट काम करत. पण समोरून गुरं चरायला निघाली की पाठ फिरवून बसत. एकदा एका नव्या मुलीने, प्रशिक्षणाला आलेल्या, त्यांना सहज विचारलं, "रावजी, त्या वासराच्या कपाळावर आहे का हो चुट्टी? मला इथून दिसत नाही." मी बाजूलाच होतो. मामांनी वासराकडे पाहिलं, मग मान खाली घातली. "डॉक्टरांना विचारा, अम्मा. माझें पाहणें धरूं नका."

हे मी ऐकलं आणि तरीही पुढे कितीतरी वर्षं गेली. माझी बदली झाली, मग अजून एक. चाळिशीत मी देवनागरी शिकलो, एका निवृत्त शिक्षकाकडे, रविवारी. क आणि ग वेगळे काढायला लागलो तेव्हा शिक्षकांना वाटलं मी भावुक झालोय. मातृभाषेची अक्षरं वगैरे. मी त्यांना तसंच वाटू दिलं.

सहा वर्षांपूर्वी मी तिरुवैयारूला गेलो. मामा तिथे मुलीकडे, पद्माकडे, राहत होते. दुपारचे चार वाजले असतील. ते बाहेरच्या तिण्णैवर, ओट्यावर, बसले होते. पंचाहत्तरी ओलांडलेली. अंगठा तसाच होता, बाकी सगळं सुकलेलं. पायांशी बसून मी सगळं सांगितलं. या वेळी मराठीत. वेष्टीपासून परीक्षेपर्यंत. दाराशी पद्मा उभी राहून ऐकत होती. तिने एकदा तोंडावर पदर घेतला.

मी म्हणालो, "मी खात्याला लिहितो, मामा. सगळं लिहून देतो. प्रबंध चुकीचा आहे म्हणून."

"कोणाला लिहितोस? तो संचालक गेला. फार्म गेला." मग थोड्या वेळाने, "म्हणजे मला दिसत होतें तें होतें."

"होतं, मामा."

"चारांत एक?"

"चारांत एक."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "त्या चार गाई कुठें गेल्या?"

मला ते ठाऊक होतं. लिलावाच्या कागदावर खरेदीदाराचं नाव मीच तपासलं होतं. केरळकडे कसाईखान्याला जनावरं नेणारा माणूस होता तो. माझ्या तोंडून आलं, "शेतकऱ्यांनीच घेतल्या, मामा. पट्टुकोट्टैच्या बाजूला."

ते माझ्याकडे बघत राहिले. वासराचे केस फाकून आत बघायचे, तसे नाही. फक्त बघत राहिले.

"तंबी," ते म्हणाले, "केरळच्या लॉरींत मींच चढवलें त्यांना. दुसऱ्या कोणाच्या हातीं येत नव्हत्या, म्हणून मला बोलावलें होतें. फळी लावली, पुढें मी, मागून त्या. मी पुढें आहे म्हणून चढल्या."

आतून भांड्यांचा आवाज आला.

"पद्मा," मामांनी मान न वळवता हाक मारली, "डॉक्टरांना कापी दे."

मग भिंतीला हात धरून ते उठले. मी हात पुढे केला, तो त्यांनी पाहिला नसावा किंवा पाहिला असेल. वाकून दारातून आत गेले. पद्माने स्टीलच्या पेल्यात कॉफी आणून ठेवली, ती निवेपर्यंत मी बसलो, निवल्यावर प्यालो. आतून कोणी बाहेर आलं नाही.